पाच वेळचं दूध

इंग्रजांच्या आगबोटीनं सलामीच्या तोफा डागायला सुरुवात केली तेव्हा मजलिशीतल्या प्रत्येकानं त्या मोजल्या, पण मोजतोय असं कुणी दाखवलं नाही. रास सुवैदच्या शेखांना इंग्रजांकडून तीनच तोफा मिळत. आताच्या शेखाच्या बापाला तीन, आजोबाला तर एकही नाही. चौथी वाजली तेव्हा शेख घानिमच्या हातातला कॉफीचा पेला ओठांपाशी थांबला. पाचवी झाल्यावर त्यानं घोट घेतला.

“दारूगोळा दमट झाला असेल त्यांचा,” शेजारी बसलेला मुतलक म्हणाला. “म्हणून संपवतायत.”

घानिम हसला. हसणं भाग होतं. बनी हुफैश टोळीचा हा म्हातारा शेख मंगळवारी तीस उंट घेऊन वाळवंटातून उतरला होता आणि तो कुणाच्या बाजूनं परत जातो यावर सगळं अडून होतं. आगबोटीच्या कप्तानानं कागद तयार ठेवला होता. घानिमनं तुर्कांशी व्यवहार करायचा नाही, त्याच्या बदल्यात इंग्रज सरकार त्याच्या किनाऱ्याकडं कुणाला वाकड्या नजरेनं पाहू देणार नाही. मात्र ज्या शेखाची पाठ उघडी आहे त्याला सांभाळायची सरकारची तयारी नव्हती. वाळवंट घानिमबरोबर आहे हे दिसलं पाहिजे आणि ते शुक्रवारच्या दुपारच्या भरतीआधी दिसलं पाहिजे, कारण मग बोट जाणार होती. तिकडं दोन दिवसांच्या वाटेवर, घाफच्या विहिरीपाशी, तुर्कांचा अंमलदार, मुदीर, चाळीस शिपाई घेऊन बसला होता. मुतलकसाठी त्यानं मानाचा झगा शिवून आणल्याचं सगळ्यांना ठाऊक होतं. झग्याचा रंगसुद्धा ठाऊक होता.

मुतलकनं येताना आपली पाच महिन्यांची नात बरोबर आणली होती. तान्हं मूल घेऊन कुणी लढायला येत नाही, एवढं त्यातून सांगून झालं होतं. पुढचं दोघा म्हाताऱ्यांनी मंगळवारी रात्री ठरवलं. घानिमचा नातू, धाकट्या बुत्तीचा दहा महिन्यांचा सुहैल, आणि मुतलकची नात वस्मिया यांचं लग्न आजच बोलून ठेवायचं. आज गुरुवार, संध्याकाळच्या नमाजानंतर काजी फातिहा म्हणून नातं पक्कं करतील, उद्या कप्तानाला सांगता येईल की दोन घरं एक झाली. ही गोष्ट त्यांनी बुत्तीला सांगितली, काजींना सांगितली. बातमी फुटून मुदीरापर्यंत जाऊ नये म्हणून आणखी कुणाला सांगितली नाही. आणि वरच्या मजल्यावर, बायकांना, सांगायचं कुणाला सुचलंच नाही.

गुरुवारी सकाळी कॉफी पाठवताना घानिमनं बहिणीला, वदीमाला, हे सांगितलं. तेही संध्याकाळी माणसं किती जेवायला असतील हे तिला कळावं म्हणून.

वदीमा जिना चढत होती तेव्हाच पहिली तोफ झाली. तिचं वय पासष्ट. मूल नसल्यामुळं तिला अमक्याची आई म्हणून कुणी हाक मारत नसे, घानिमसकट सगळे नुसतं नावानंच बोलवत. त्याची तिला इतकी सवय होती की कुणी आदरानं बोललं तर ती मागं वळून पाही. वर, वारा खाली खेचणाऱ्या मनोऱ्याखालच्या खोलीत, तिच्या भाच्याची, बुत्तीची, बायको मिझना भिंतीला टेकून बसली होती. शेवटच्या तोफेनं दचकून तिच्या मांडीवरच्या पोरीनं छाती सोडली होती, हात ताठ केले होते, आणि आता पुन्हा डोकं आपटत छाती शोधत होती. सुहैल जरा दूर चटईवर एका खजुराच्या बीशी झटत होता.

मांडीवर होती ती वस्मिया.

वदीमा दारातच थांबली. नाकावरचा, निळीत रंगवलेला बुरखा तिनं कपाळावर सारला.

“ही कितव्यांदा?” तिनं विचारलं.

मिझनाला प्रश्नच कळला नाही. मग वदीमा आत्याच्या चेहऱ्यावरून काहीतरी कळलं आणि तिनं पोरीला थोडं जवळ ओढलं.

“का?”

“कितव्यांदा, विचारतेय मी.”

कोपऱ्यात बसलेली जौजा, मुतलकची बायको, पोरीची आजी, हिनं मान वर केली. तिच्याकडं पाहूनच वदीमाला समजलं की हिलाही तिच्या नवऱ्यानं काही सांगितलेलं नाही.

झालं होतं ते साधं होतं. वस्मियाची आई बाळंतपणानंतर चाळीस दिवसांनी गेली. मग पाजायला एक बाई ठेवली, तिचं दूध पाच दिवसांच्या उंटाच्या प्रवासात आणि त्या उन्हात आटत आलं. मंगळवारी जिना चढून आलेली पोर रडतसुद्धा नव्हती, नुसती तोंड उघडून मिटत होती. मिझना सुहैलला पाजत होती. त्याला तिनं बाजूला केलं आणि हिला घेतलं. त्या घरात कुठलीही बाई हेच करती. मंगळवारी संध्याकाळी एकदा, बुधवारी दोनदा, आणि आता हे. मधल्या वेळी त्या बाईचं उरलंसुरलं चालवून घेतलं होतं, बुधवारी रात्री तेही संपलं.

आणि शरियतीप्रमाणं पाच वेळा पोटभर पाजलं की पाजणारी आई होते. तिची पोरं सख्खी भावंडं होतात, तिचा नवरा बाप होतो. भावंडांचं लग्न होत नाही.

“चार,” मिझना म्हणाली. तेवढ्यात पोरीला छाती सापडली होती आणि तिनं डोळे मिटले होते.

“मघाशी सोडलं होतं ना तिनं? मी पाहिलं.”

“तोफेनं सोडलं.”

“म्हणजे चार की पाच?”

मिझनानं पोरीचं डोकं सावरून धरलं. तिच्या आयुष्यात तिला फार थोड्या गोष्टी विचारल्या गेल्या होत्या आणि त्यांतली एकही आगबोटीशी संबंधित नव्हती.

*

अर्ध्या तासात घरात दोन पक्ष पडले. घानिमचा थोरला मुलगा खलफान पाच म्हणत होता. बुत्ती चार म्हणत होता. दोघांच्या आया वेगळ्या, आणि घानिमच्या मागं गादीवर कोण, हा प्रश्न त्यांच्यामध्ये इतकी वर्षं होता की ते त्याबद्दल कधीच बोलत नसत; घोड्यांबद्दल बोलत, बहिरी ससाण्यांबद्दल बोलत. मुतलकची नात बुत्तीच्या घरी सून म्हणून आली तर तीनशे बंदुका बुत्तीच्या मागं येणार होत्या. खलफानचं आजोळ हसाकडचं, तुर्कांच्या ताब्यातल्या मुलखातलं. तुर्कांच्या छावण्यांना उंट पुरवणारे त्याचे मामा त्याला दर महिन्याला पत्र लिहीत.

बुत्ती वर आला तेव्हा पोर झोपली होती. तो आणि मिझना चुलत भावंडं. लहानपणी एकाच विहिरीत दगड टाकलेले, त्यामुळं त्यांच्यात आडपडदा कमी होता.

“काजी विचारतील,” तो म्हणाला. “चार सांग.”

“चारच आहेत.”

“मग झालं.”

“खरंच चार असले म्हणून सांगेन. तू म्हणतोस म्हणून नाही.”

“फरक काय पडतो त्यानं?”

“आज नाही पडत,” मिझना म्हणाली.

बुत्तीनं झोपलेल्या पोरीकडं पाहिलं. तिच्या गालावर निळा डाग होता, आजीच्या बुरख्याच्या निळीचा. त्यानं तो अंगठ्यानं पुसायचा प्रयत्न केला आणि डाग आणखी पसरला. जाता जाता तो एवढंच म्हणाला की सुहैलच्या आयुष्याचा प्रश्न आहे. मिझना म्हणाली, आहेच.

खलफान स्वतः आला नाही, त्यानं बायकोकडून निरोप पाठवला. निरोपात मिझनाच्या प्रामाणिकपणाची फार स्तुती होती. पोरीनं छाती सोडली म्हणजे सोडली, का सोडली हे विचारणारे आपण कोण, असंही होतं. शेवटी मिझनाच्या भावासाठी एक चांगली उंटीण पाहून ठेवली असल्याचा उल्लेख होता.

काजी पडद्याच्या त्या बाजूला बसले. घानिम आणि मुतलक त्यांच्या दोन्ही हातांना, मुलगे मागं. काजींनी आधी सांगून टाकलं की दूध पाजण्याच्या बाबतीत एका बाईची साक्ष पुरते, दुसरी लागत नाही, कारण हे तिच्याशिवाय कुणाला माहीत असणार. दोन शेख, दोन मुलगे आणि समुद्रात नांगर टाकून बसलेली बोट, एवढे सगळे मग पडद्यामागच्या वीस वर्षांच्या बाईची वाट पाहत बसले.

“पोरीनं पोट भरून सोडलं,” काजींनी विचारलं, “की दचकून सुटलं?”

“दचकून सुटलं.”

“पुन्हा केव्हा घेतलं?”

“लगेच. वदीमा आत्या दारात उभी होती तेवढ्यात.”

“कूस बदललीस का? दुसऱ्या बाजूला घेतलंस?”

“नाही. तीच बाजू.”

काजींनी दाढीवरून हात फिरवला. हे एकच, ते म्हणाले. म्हणजे चार. लग्नाला हरकत नाही. पाचव्यांदा मात्र तिला पाजू नका.

मागून खलफानचा आवाज आला. “इंग्रजांची तोफ आपल्याकडं दूध मोजायलासुद्धा लागली म्हणायची.” मुतलक एकटाच हसला, आणि मोठ्यानं हसला.

*

पाजू नका म्हणणं सोपं होतं. मोत्यांचा हंगाम चालू होता. पुरुष पडावांवर, आणि बायका-पोरं सालाबादप्रमाणं आतल्या खजुरांच्या बागांत उन्हाळा काढायला गेलेली. गावात ओल्या बाळंतिणी सोडा, कुत्री उरली होती आणि पहारेकरी. शेखाचं घर तेवढं बोटीमुळं थांबलं होतं. वदीमानं बागांकडं उंटस्वार पाठवला. जवळात जवळची पाजणारी बाई उद्या सकाळपर्यंत येणार होती.

तोवर शेळीचं दूध. वदीमानं ते स्वतः पाणी घालून कोमट केलं, कापसाचा बोळा बुडवून पोरीच्या ओठांना लावला. पहिला बोळा तिनं चोखला. दुसरा चोखला. मग सगळं उलटून टाकलं. तासाभरानं पुन्हा तेच झालं. तिसऱ्या वेळी तिनं तोंडच उघडलं नाही.

जौजा जागची हलली नव्हती. ती भिंतीशी बसून बुरख्याच्या फटीतून पाहत होती. वाळवंटातल्या बाईनं परक्या घरात काही मागायचं नसतं, विशेषतः जे घर आधीच चार वेळा देऊन बसलंय. मात्र दुपारी उन्हं भिंतीवरून उतरायला लागली तेव्हा ती एकदम, कुणाकडंही न बघता बोलली.

“हिच्या आधीचा एक होता. मुलगा. तो असाच शांत झाला होता.”

मिझना उठली आणि पोरीजवळ गेली. तिच्या टाळूवर तिनं तळवा ठेवला. सुहैल लहान असताना ती तिथं हात ठेवून ठोका बघत बसायची, मऊ, उचलणारा. इथं बोट खाली गेलं. टाळू वाटीसारखी खोल झाली होती. ओठांच्या आतली बाजू हाताला कोरडी लागली. तेवढ्यात तिच्या झग्याची छाती आपोआप भिजली. पोर रडली नव्हती, तरी भिजली.

तिनं वदीमाला बोलावलं नाही. लपूनही काही केलं नाही. दार उघडंच होतं.

वदीमा वर आली ती शेळीचं ताजं दूध घेऊन. दारातून तिनं पाहिलं आणि भांडं हळूच खाली ठेवलं. तिला दोन पावलं टाकून पोर ओढून घेता आली असती. ती तेवढी दणकट होती, आणि घरात तिचं ऐकलं जाई. त्याऐवजी ती खाली बसली.

तिचंही असंच एक लग्न झालं होतं, याबद्दल घरात कुणी आता बोलत नसे. ती तेरा वर्षांची असताना बापानं तिला मनासिर टोळीतल्या एकाला दिलं. तेव्हा त्यांच्याशी मैत्री हवी होती. सात महिन्यांनी मैत्री नको झाली. नवरा वाईट नव्हता. त्यानं तीनदा तो शब्द म्हटला, तिला तिच्या पेटीसकट उंटावर बसवलं आणि पाण्याची पखाल स्वतःच्या हातानं बांधून दिली. त्यानंतरच्या हिवाळ्यात त्याच माणसानं त्यांच्या बागा जाळल्या. बावन्न वर्षं झाली. पखालीची गाठ तिला अजून आठवत होती.

पोर पीत होती. आधी हळू, मग आवाज करत. मध्ये एकदा थांबून तिनं श्वास घेतला. मिझनानं आणि वदीमानं एकमेकींकडं पाहिलं. बराच वेळ गेला. मग पोरीची मूठ उघडली, मान मागं पडली, आणि तिनं स्वतःहून सोडलं. ओठाच्या कोपऱ्यातून थेंब ओघळला.

“पाच,” वदीमा म्हणाली.

“हो.”

“बुत्ती बोलणार नाही तुझ्याशी.”

“माहीत आहे.”

“बोलेल महिन्याभरानं. पोर दे इकडं, ढेकर मी काढते. तू जरा पाणी पी.”

*

वदीमा पडद्याआडून बोलली तेव्हा मजलिशीत संध्याकाळच्या नमाजाची तयारी चालली होती. तिनं जेवढं घडलं तेवढंच सांगितलं. पोर जात होती, सुहैलच्या आईनं पाजलं, मी समोर होते, पाच झाले.

घानिमनं डोळे मिटून घेतले. पाच तोफा, कागद, बोट, सगळं त्याला लांब जाताना दिसलं. बुत्ती उठून उभा राहिला आणि कुठं जायचं ते न सुचल्यानं तसाच उभा राहिला. सगळे मुतलककडं पाहत होते. त्याच्याच नातीचा प्रश्न होता आणि त्याला दिलेला शब्द त्याच घरात, दिवसाढवळ्या, मोडला गेला होता. आता तो उंट सोडायला सांगेल आणि परवा घाफच्या विहिरीवर झगा घालेल, असं प्रत्येकाला वाटलं.

मुतलकनं हातातली माळ खाली ठेवली.

“पोट भरलं का तिचं?” त्यानं विचारलं.

“भरलं,” पडद्याआडून वदीमा म्हणाली. “झोपलीय.”

मुतलकनं माळ पुन्हा उचलली. तो पुढं काही म्हणायच्या आत वदीमा बोलली. मजलिशीत बाईमाणसानं न विचारता आपलं मत सांगितलं ते त्या घरात पहिल्यांदाच.

“लग्न तीन शब्दांत मोडतं, शेख मुतलक. मला माझ्या बापानंच दिलं होतं आणि मी परत आले. दूध कुणाला परत करता येतं का?”

यातला अर्थ पहिल्यांदा कळला तो खलफानला. तो मान खाली घालून बसला होता, आता त्यानं ती वर केली. बुत्ती बाप झाला म्हणजे मी काका झालो, तो म्हणाला. शांतपणे, हिशेब जुळल्यासारखा. माझीही पुतणी ती. बाबांची नात. सून झाली असती तर एका भावाची झाली असती, आता सगळ्या घराची आहे. बनी हुफैशच्या अंगणात आपल्यातल्या कुणालाही पाणी मिळेल. सकाळपासून पाच पाच म्हणणाऱ्या माणसाला मनासारखे पाच मिळाले होते. मामांच्या पत्रांना काय उत्तर द्यायचं याचा विचार तो बोलता बोलताच करत होता.

बुत्तीनं भावाकडं पाहिलं. तीनशे बंदुका आता दोघांत वाटल्या गेल्या होत्या.

“ठीक,” मुतलक शेवटी म्हणाला. “दूध तर दूध. तुर्कांचा झगा मला तसाही आखूड होणार होता. ” तो घानिमकडं वळला. “पण अबू खलफान, पोर आता अंगावरचं सुटेपर्यंत इथंच राहील. आईपासून तान्ही तोडून नेत नाहीत.”

घानिमनं मान डोलावली. मुतलकची नात आपल्या छपराखाली म्हणजे काय, हे त्याला समजत होतं. मुतलकलाही समजत होतं.

“आणि ती सुटली,” मुतलक म्हणाला, “की तिचा भाऊ आमच्याकडं. दर वसंतात, उंटिणी दुभत्या असतात तोवर. पाच वर्षं. वाळवंटात पोरगं चांगलं होतं, बोलायलाही नीट शिकतं. बहिणीच्या घरचं दूध त्यानंही प्यायला नको का?”

हे तो अतिशय मायेनं म्हणाला, आणि माया खोटी नव्हती. तरीही खोलीतल्या सगळ्यांना कळलं की दोन्ही बाजूंनी एकेक मूल तारण ठेवलं गेलंय आणि शब्द मात्र दोन्हींसाठी चांगला सापडलाय. घानिम हो म्हणणार, तोच मुतलकनं हात वर केला. त्याला आईच्या तोंडून ऐकायचं होतं. आज सकाळपासून तीच खरं सांगतेय, तो म्हणाला.

मिझनाला खाली बोलावलं. सुहैल तिच्या कडेवर होता, तिच्या गळ्यातल्या तावीजाचा दोरा चावत. वदीमानं तिला अटी कानात सांगितल्या. मिझनानं सुहैलच्या तोंडातून दोरा काढून घेतला. पलीकडं कुणीतरी खाकरलं.

“किती महिने एका वेळी?” तिनं विचारलं.

“तीन. पाऊस बरा झाला तर चार.”

“त्याला उन्हाचा पुरळ येतो.”

“जौजा बघेल.”

मिझनानं जिन्याच्या वरच्या पायरीवर बसलेल्या जौजाकडं पाहिलं. म्हातारीनं बुरखा पूर्ण वर घेतला, मंगळवारपासून पहिल्यांदाच. तिचा चेहरा मिझनाच्या अंदाजापेक्षा तरुण होता.

“जाईल,” मिझना म्हणाली.

*

शुक्रवारी सकाळी दुभाष्यानं बोटीवर जाऊन कप्तानाला सांगितलं की नातं जुळलं. कसलं नातं, हे सांगायला त्यानं दोनदा सुरुवात केली. कप्तानाला भरती गाठायची होती. त्यानं विचारलं, मुलगा आणि मुलगी एकमेकांना बांधले गेले की नाही. दुभाष्या म्हणाला, गेले. कप्तानानं कागदावर विवाहसंबंध असं लिहिलं, घानिमनं आणि मुतलकनं शिक्के उठवले. त्या कागदाची नक्कल मुंबईला गेली आणि तिथं नीट राहिली. सतरा वर्षांनी कुण्या नव्या साहेबानं ती वाचून सुहैल आणि वस्मियाला संसाराच्या शुभेच्छा पाठवल्या. तेव्हा वस्मिया माहेरपणाला आलेली होती, दोन मुलं घेऊन. पत्र तिनंच भावाला वाचून दाखवलं आणि दोघं इतकी हसली की मिझना स्वयंपाकघरातून बाहेर आली.

पण ते पुढचं. त्या शुक्रवारी बागांकडून आणलेली पाजणारी बाई सकाळऐवजी दुपारी येऊन पोचली, जेवली, आणि आता आपलं काम नाही हे कळल्यावर पाय पसरून झोपली. बुत्ती मशिदीतून घरी न येता थेट धक्क्यावर गेला. मिझना वाऱ्याच्या मनोऱ्याखाली बसली होती. सुहैल तिच्या पायाला धरून उभा राहायला शिकत होता. धरायचा, डगमगायचा, बसायचा, पुन्हा धरायचा. त्याला जायला अजून दीड वर्ष, असं ती मनात म्हणत होती, पाऊस लवकर झाला तर सव्वा.

बोटीनं नांगर उचलल्याचा आवाज आला तेव्हा तिनं मांडीवर पिणाऱ्या वस्मियाचा वरचा कान तळव्यानं झाकला. एक झाली. दोन. तिसरीला सुहैलनं ओठ काढले आणि तिनं दुसरा हात त्याच्या पाठीवर ठेवला. चार. पाच.

या वेळी पोरीनं सोडलं नाही.